मालगुजाराचं गाव, पण इतिहास कोणाचा?

मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची गावची जत्रा, जवळ आली की गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काही ना काही निघतंच. यंदा 'आपल्या गावाचा गौरवशाली इतिहास' नावाची पीडीएफ आली. जवळजवळ सगळी पानं वाड्याची, म्हणजे गावाचा सारा सरकारात भरणाऱ्या मालगुजाराच्या घराण्याची. मालगुजारांचा मूळ पुरुष कुठून आला, वाड्याला सागवानाचे खांब किती, दुष्काळात धानाची कोठी कशी उघडली, शंकरपटावर त्यांची बैलजोडी कशी पळायची. शेवटी देऊळ आणि मंडई. तलावाच्या वाट्याला एक ओळ: "मालगुजारांनी लोककल्याणासाठी तलाव बांधला." खाली हात जोडलेल्यांची रांग. तिथे काही लिहिलं तर मुद्दा बाजूला राहतो आणि कोणाचा बाप काय होता यावर गाडी जाते, म्हणून इथे लिहितो आहे. लांबेल, पण लिहितोच.

आधी एक गोष्ट. पुण्या-मुंबईची मंडळी 'विदर्भातले मालगुजार' असं सरसकट म्हणतात. वऱ्हाडात, म्हणजे अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाण्यात मालगुजारी नव्हती. तिथे खातेदार थेट सरकारला सारा भरायचा. मालगुजारी होती ती नागपूर, वर्धा, भंडारा, चांद्याकडे. आणि अहेरीसारख्या जमीनदाऱ्या हे आणखी वेगळंच प्रकरण. आमचं गाव भंडाऱ्याच्या धानपट्ट्यातलं, तेव्हा बोलतो ते या पट्ट्यापुरतं.

पीडीएफमध्ये "पिढ्यानपिढ्यांची मालकी" हे शब्द तीनदा आले आहेत. नागपूरकर भोसल्यांच्या काळात गावचा पटेल गावाचा मालक नव्हता. तो सारा वसूल करून भरणारा माणूस. नाही भरला किंवा दुसऱ्याने जास्त कबूल केला, तर गाव त्याच्या हातून जाऊ शकायचं. तिसरे रघूजी १८५३ मध्ये वारस न ठेवता गेले, राज्य इंग्रजांनी खालसा केलं, १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला आणि १८६० च्या दशकातल्या बंदोबस्तात या वसुली करणाऱ्यांनाच गावाचे मालक ठरवण्यात आलं. इंग्रजांना साऱ्यासाठी गावात एक जबाबदार माणूस हवा होता, तो असा मिळाला. कागदावरची ही मालकी १९५१ मध्ये संपली. म्हणजे नव्वदेक वर्षं. तेवढ्यातही कित्येक गावं कर्जापायी सावकाराकडे गेली आणि 'मालगुजार' बदलले. तीनचार पिढ्या होतात, नाही म्हणत नाही, पण त्याला अनादी काळ म्हणू नका.

हा सगळा मामला कसा चालायचा ते मला वाड्याच्या झुंबरापेक्षा जास्त रंजक वाटतं. गाव सोळा आण्यांचं धरायचे. भावाभावांत वाटण्या झाल्या की कोणी आठ आण्यांचा मालगुजार, कोणी दोन आण्यांचा, कोणी पै-पैचा हिस्सेदार. सगळ्यांच्या वतीने सारा भरणारा तो लंबरदार. मालगुजाराची स्वतःची जमीन म्हणजे सीर आणि खुदकास्त. उरलेल्यात काही मालिक मकबूजा, म्हणजे आपल्या तुकड्याचे धनी, आणि बाकी वेगवेगळ्या हक्कांची कुळं. कुळाला जमीन दुसऱ्याच्या नावे करायची तर आधी मालगुजाराला नजराणा. बंदोबस्ताचे अधिकारी गावोगाव फिरून माती ठरवायचे: कन्हार, मोरंड, सिहार, खरडी, बरडी. त्यावरून खंड (कुळाने मालगुजाराला द्यायचा) आणि सारा (मालगुजाराने सरकारला भरायचा). आजही आमच्याकडचा म्हातारा शेतकरी बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, पाय टाकून सांगतो, ही मोरंड आहे म्हणून.

आणि प्रत्येक गावाचा एक कागद तयार व्हायचा, वाजिब-उल-अर्ज. गावाचे रिवाज त्यात लिहिलेले. गुरं कुठे चरतील, सरपण कुठून आणायचं, मुरूम-माती कुठून, वाट कोणाच्या शेतातून, तलावाचं पाणी कोणाला. मूळ पुरुषाच्या घोड्यावर अर्धं पान आणि या कागदाचा उल्लेखही नाही, याचं मला नवल वाटतं. कारण गावात एकत्र राहायचं कसं, हे लिहून ठेवलेला तोच एक दस्तऐवज आहे.

आता तलाव. आपल्या भागातले बरेच तलाव मालगुजारीच्या आधीचे, गोंड राजांच्या काळापासूनचे. ते बांधण्यात कोहळी समाजाचा हात मोठा. नवेगावबांधचा तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळीने बांधला असं सांगतात, आणि त्याला लोकांनी कोलासूर म्हणून देव केलं. लक्षात घ्या, देव केला तो बांधणाऱ्याला. पूर्व विदर्भात असे सात हजारांच्या आसपास तलाव मोजतात आणि सरकारी कागदात त्या सगळ्यांना 'माजी मालगुजारी तलाव', बोलताना 'मामा तलाव' म्हणतात. १९५१ ला ज्याच्या नावावर होता त्याचं नाव कायमचं चिकटलं. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, माती टाकणाऱ्या बाया-माणसांचं नाव कशालाच चिकटलं नाही.

आजी सांगायची, "मालगुजाराचा रोवना झाल्याबगर आपल्या बांधीत पाय ठेवता येत नोहता बाप्पा." रोवना म्हणजे धानाची लावणी. पाऊस पडून चिखलणीला आलेली आपली बांधी सोडून आधी त्यांच्या सीरेत वेठीला जायचं. ती हे रडून नाही, जरा चिडून सांगायची. आणि त्याच दमात म्हणायची, पण पाळ फुटली तर रात्री कंदील घेऊन मालगुजार स्वतः उभा राहायचा. मला दोन्ही खरं वाटतं. तलाव भरला नाही तर धान नाही, धान नाही तर खंड नाही, खंड नाही तर सारा कुठून भरणार? त्याचं पोट त्या पाळीला बांधलेलं होतं. त्याला देवमाणूस म्हणायची गरज नाही आणि राक्षसही. हिशेब समजणारा माणूस होता एवढं पुरे.

१९५० च्या कायद्याने, ३१ मार्च १९५१ पासून, हे हक्क सरकारकडे गेले. तेव्हा आपण मध्य प्रदेशात होतो, राजधानी नागपूर. कायदा येतो आहे हे दिसल्यावर अनेक मालगुजारांनी जंगलं ठेकेदारांना तोडायला दिली, तेंदूपत्त्याचे ठेके लांबच्या मुदतीने करून टाकले. ठेकेदारांची भांडणं पार सुप्रीम कोर्टापर्यंत गेली. सीर, खुदकास्त आणि वाडा त्यांच्याकडे राहिला. तलावांचं गणित बारीक होतं. ज्या तलावाच्या ओलितावर दुसऱ्या कोणाचाच हक्क नव्हता, तो मालगुजाराकडे राहू शकत होता. म्हणजे पाण्यावर कुळांचा हक्क कागदात लिहिलेला आहे की नाही, यावर खूप काही अवलंबून. म्हणून मघाशी त्या कागदावर एवढा वेळ घालवला.

जे तलाव सरकारकडे आले ते पुढे लहान जिल्हा परिषदेकडे आणि मोठे पाटबंधारे खात्याकडे गेले. पाळीला पोट बांधलेला माणूस गेला आणि त्याच्या जागी फाईल आली. गाळ साचत गेला, बेशरमाची झुडपं माजली, पाट बुजले. मासेमारी ढिवर या मच्छीमार समाजाच्या सोसायट्यांकडे आहे, पण मासे वाढायला तळात पाणी तर हवं. माझ्या मते १९५१ ला मालगुजारी संपली नाही, मालगुजार बदलला. नवा मालगुजार नागपुरात, मग मुंबईत बसू लागला आणि रात्री कंदील घेऊन येणं त्याला शक्य नव्हतं. वेठ गेली, नजराणा गेला, कुळं मालक झाली, हे फार मोठं काम झालं आणि ते मी कधीच कमी लेखणार नाही. पण तलाव, चराई, जंगल गावाच्या हाती द्यायची ती वेळ होती, ती हुकली.

झुडपी जंगलाचा घोळ याच पोटातला. गावाची पडीत, चराईची जमीन नोंदीत 'झुडपी जंगल' झाली. पूर्व विदर्भात असं सुमारे ८६ हजार हेक्टर. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते वन मानलं, १९९६ पूर्वीच्या वाटपांसाठी वाट ठेवून. त्यावर शाळा आहेत, घरं आहेत, स्मशानं आहेत. उलट बाजूला गडचिरोलीतलं मेंढा (लेखा). निस्ताराचे, म्हणजे सरपण, चराई, बांबू अशा घरगुती गरजांचे, जुने हक्क त्यांनी विसरू दिले नाहीत, २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळवला आणि २०११ पासून गावाने आपला बांबू स्वतः विकला. गावाचा इतिहास माहीत असल्याचा उपयोग होतो तो असा.

तर ग्रुपवरच्या हौशी मंडळींना विनंती, पुढची आवृत्ती काढाल तेव्हा आधी जुन्या बंदोबस्ताची मिसल (गावाची नोंदींची फाईल), वाजिब-उल-अर्ज, निस्तार पत्रक आणि गावनकाशा यांच्या नकला काढू. फीचे पैसे मी देतो. कोतवालकी कोणत्या घराकडे होती, गोंडांची घरं कोणत्या टोलीवर (वस्तीवर) होती, हे सांगणारी दोनतीन म्हातारी माणसं अजून आहेत, त्यांच्याकडेही बसू. जुन्या नकाशात तलावाचं पोट किती होतं हेही दिसेल, आणि आज त्या पोटात कोणाकोणाच्या बांध्या आहेत तेही. तेव्हा हा उद्योग सगळ्यांना आवडणार नाही हे धरूनच चाललो आहे.