इट वॉज आय

पन्नाशी उलटल्यावर माणसानं सकाळी रंकाळ्यावर फिरायला जावं, आल्यावर गुडघ्याला तेल चोळावं. मी सात वाजताच्या इंग्रजीच्या बॅचला जातो. कारण गूळ. मार्केट यार्डात आमची अडत आहे आणि दुबईचा एक व्यापारी आमच्याकडून माल उचलतो. त्याच्या मेलना उत्तरं द्यायचं काम पोराकडे होतं. पोरगं नोकरीला पुण्याला गेलं, मेल माझ्या गळ्यात.

वर्गात सगळी एकोणीस-वीस वर्षांची पोरं. मला 'काका' म्हणतात. सरसुद्धा काकाच म्हणतात, त्यामुळं चुकलो तर ओरडायची त्यांची पंचाईत होते.

त्या दिवशी सर म्हणाले, "आज जोर कसा द्यायचा ते बघू." कोल्हापुरात जोर म्हटल्यावर बैठका आल्याच. मागच्या बाकावरच्या एकानं बाह्या सरसावल्या. सरांनी फळ्यावर लिहिलं, 'आय एट मटन यस्टर्डे'. म्हणाले, यातल्या एकेका शब्दावर जोर द्या.

आता हे मराठीत काय अवघड आहे? मीच काल मटण खाल्लं. मी कालच मटण खाल्लं. मी काल मटणच खाल्लं. एक 'च' चिमटीत धरायचा आणि हवा तिथं सोडायचा, मिठासारखा. पण इंग्रजांच्या डब्यात 'च' नाही. बोलताना तेही आवाज चढवून भागवतात, पण कागदावर आवाज कुठला चढवणार? मग ते अख्खं वाक्यच मधोमध चिरतात. इट वॉज आय हू एट मटन यस्टर्डे. इट वॉज यस्टर्डे दॅट आय एट मटन. इट वॉज मटन दॅट आय एट यस्टर्डे.

"सर, हा 'इट' कोण?"

"कुणी नाही काका. नुसती जागा धरून बसतो."

म्हणजे एसटीच्या खिडकीतनं सीटवर टाकलेला रुमाल. हे मला लगेच पटलं. या प्रकाराला 'क्लेफ्ट सेंटेन्स' म्हणतात, म्हणजे चिरलेलं वाक्य. हे नाव 1937 साली ऑटो येस्पर्सन या व्याकरणकारानं दिलं आणि तो इंग्रज नव्हता, डेन्मार्कचा होता. भिंतीची भेग मालकाआधी भाडेकरूलाच दिसते म्हणायची.

"आणि 'खाल्लंच' म्हणायचं असलं तर?" मी विचारलं. सर थोडे थांबले. क्रियापद त्या चिरेत बसत नाही म्हणाले, तिथं 'आय डिड ईट' करावं लागतं. एका 'च'ला किती हो ही धावपळ!

खरी आफत घरी आली. दुसऱ्या दिवशी माझ्या हातून लिंबाच्या लोणच्याची बरणी फुटली. आतनं बायकोनं विचारलं, "अहो, काय फुटलं? कुणी फोडलं?" मी म्हटलं, सराव होऊन जाऊ दे.

"इट वॉज आय हू ब्रोक द बरणी!"

सोप्यात आई बसली होती. तिला एरवी हाक ऐकू येत नाही, हे मात्र स्वच्छ ऐकू आलं. "आयनं? आरं, मी सकाळधरनं हितनं हललो न्हाई! माझ्यावर कशाला घालतोस?"

(आमच्याकडं बायका 'हलले' म्हणत नाहीत, 'हललो' म्हणतात. येस्पर्सनसाहेब कोल्हापूरला आले असते तर त्यांना आणखी काम मिळालं असतं.)

तिला समजवायला अर्धा तास गेला आणि तरी ती संध्याकाळी शेजारणीला सांगत होती, की पोरगं इंग्रजीत माझी चहाडी करतंय. सरांना विचारलं तर म्हणाले, बोलताना 'इट वॉज मी' चालतं. हे आधी सांगायला काय झालं होतं? 'मी' म्हणजे मीच, आई सुटली. पण व्यवहाराच्या पत्रात 'आय'च शोभतो म्हणे, आणि तिथं 'इट इज आय हू ॲम लेट' असं 'ॲम'सुद्धा सांभाळावं लागतं.

पुढच्या तासाला चिरलेल्या वाक्याचा दुसरा प्रकार आला. 'व्हॉट आय वाँट इज टी.' सर समजावून सांगणार तेवढ्यात मागच्या बाकावरनं आवाज आला, "सर, विषय काय हाय, तर हे आमी रोजच बोलतोय."

सर बघतच राहिले. खरंच की! मला काय पाहिजे, तर चहा. माझं म्हणणं काय, तर पैसे आधी टाका. यार्डात गुळाचा सौदा असू दे नाहीतर पेठेतलं भांडण, पहिलं वाक्य चिरल्याशिवाय आमचं तोंडच उघडत नाही. त्या दिवशी मी छाती काढून घरी आलो. तिथंच घात झाला.

दुबईचा मेल आला होता, दोन पेट्यांतला गूळ ओला निघाला. आमचा माल इथनं खडखडीत गेला होता. मी अंगात आलेल्या जोरात लिहिलं, 'इट वॉज नॉट अवर जॅगरी दॅट वॉज वेट.' दहा मिनिटांत एका ओळीचं उत्तर आलं, 'देन हूज जॅगरी वॉज इट?'

मेल सरांना दाखवला. त्यांनी कपाळाला हात लावला. "काका, असं लिहिलं की गूळ ओला होता हे आपण आधीच मान्य करतो. फक्त तो आपला नव्हता, एवढंच नाकारतो. सरळ 'अवर जॅगरी वॉज नॉट वेट' लिहायचं!"

म्हणजे गूळ पाघळला नव्हता, तोंड पाघळलं होतं.

शेवटी फोन लावला आणि हिंदीत सुरुवात केली, "सेठ, विषय क्या है, तो..." एका पेटीचे पैसे सोडून मिटवलं.

आता सरांनी जोराचा पुढचा धडा काढलाय. त्यात वाक्य चिरत नाहीत, उलटं करतात. पहिलंच उदाहरण पाठ करायला दिलंय, 'नेव्हर हॅव आय लाइड'. अर्थ, मी कधीच खोटं बोललो नाही. आई सोप्यातच बसलेली असते, म्हणून मी ते गच्चीवर जाऊन, दार लावून पाठ करतो.