लग्नपत्रिका म्हणालात, म्हणून हे उत्तर

मागच्या लेखात मी म्हटलं होतं की टेबलाभोवती बसून खेळायच्या रोल-प्लेइंग खेळांचं (एकजण गोष्ट चालवतो, बाकीचे त्यातली पात्रं होतात) मासिक ए5, म्हणजे ए4 च्या निम्म्या आकाराचं, एकरंगी आणि मधे पिन मारलेलं असावं. त्यावर आपण सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, आभारी आहे. खाली नाव लिहिलं असतंत तर नावानिशी आभार मानले असते.

आधी चूक कबूल करतो. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाची साहसं छापणारं ‘डंजन’ मासिक 1984 साली सुरू झालं असं मी लिहिलं होतं. ते 1986. दुरुस्त केलंय. बरोबरला बरोबर म्हणायला मला कधीच जड गेलेलं नाही.

आता तुमचं ते वाक्य. “लेखकाने छापखान्याची पायरी कधी चढलेली दिसत नाही, पिन मारलेल्या ए5 ला मासिक म्हणत नाहीत, लग्नपत्रिका म्हणतात.” टाळीचं वाक्य आहे, मान्य. मी दोनदा वाचलं, चहा टाकला आणि तिसऱ्यांदा वाचलं. मतभेद असावेत हो, पण हा सूर कुठला? ओळख ना पाळख, आणि थेट लायकी काढायची?

तर पायरीविषयी. माझ्या मामांचं शनिवार पेठेत बाइंडिंगचं काम होतं. नववीपासून पुढची पाच वर्षं गणपती उठले की दिवाळीपर्यंत मी तिथे सतरंजीवर बसून दिवाळी अंकांचे फर्मे, म्हणजे अनेक पानं एकत्र छापलेले मोठे कागद, घडी केले आहेत. सोळा पानी फर्मा, तीन घड्या, प्रत्येक घडीवर लाकडी पट्टी फिरवायची. संध्याकाळपर्यंत अंगठ्याच्या बाजूला कागदाने कापलेल्या बारीक रेघा पडायच्या आणि रात्री आमटीभात कालवताना कळायच्या. तुम्ही कुठल्या पायरीवर बसून लिहिता मला माहीत नाही, मी या पायरीवरून लिहितो.

पिनेचे दोष मला तुमच्याकडून शिकायचे नाहीत. 64 पानांचा अंक म्हणजे 16 कागद एकात एक घातलेले. मधला कागद दीडेक मिलिमीटर बाहेर सरकतो, आणि कटिंगला सगळं सरळ कापलं की मधल्या पानांचा बाहेरचा समास तेवढा जातो. एका वर्षी एका अंकाच्या मांडणीवाल्याने पानांचे आकडे अगदी कडेला लावले होते, त्यात कटिंगचा हात जरा आत गेला. मधलं जोडपान उघडलं तर 32 च्या जागी नुसता 2 आणि समोर 33 च्या जागी नुसता 3. मामा त्या दिवशी जेवले नाहीत. असं सगळं पाहूनही मी पिनेच्या बाजूने बोलतो, तर त्याला काही कारण असेल एवढं तरी तुम्ही धरून चालायला हवं होतं.

कारण टेबलावर आहे. खेळ चालवणाऱ्याच्या एका हातात फासे, दुसऱ्यात पेन्सिल. गोंदाने चिकटवलेला, पाठ असलेला अंक त्याच्यासमोर उघडा राहात नाही. मग त्यावर मिठाची बाटली ठेवा, मोबाइल ठेवा, नाहीतर पाठ मोडा. पाठ मोडली की तिसऱ्या महिन्यात पानं हातात. पिनेचा अंक उघडा टाकला की पडून राहतो. कागदाचंही तेच. आर्ट पेपरवर ट्यूबलाइट चमकते आणि पेन्सिल उमटत नाही. खेळातल्या राक्षसाचे जिवाचे किती गुण उरले ते मी समासात खोडत जातो. ते न चमकणाऱ्या मॅपलिथो कागदावरच जमतं. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ काढणाऱ्या टीएसआर कंपनीच्या 1978 पासूनच्या साहसपुस्तिका आठवा. कव्हर सुटं, आतल्या बाजूला फिक्या निळ्यात नकाशा. मजकूर हातात, नकाशा उभा समोर, आणि खेळाडूंपासून आडोसाही तोच. त्या कव्हराला कोणी लग्नपत्रिका म्हटल्याचं ऐकिवात नाही.

बाकीचं थोडक्यात.

‘ड्रॅगन’ (त्याच खेळाचं दुसरं मासिक) आणि ‘डंजन’ मोठ्या आकाराचे, रंगीत, देखणे होते असं म्हणता. होते. 2007 च्या सप्टेंबरात अनुक्रमे 359 आणि 150 व्या अंकावर दोन्ही छापील स्वरूपात बंद पडले. (परवान्याचं नूतनीकरण झालं नाही म्हणून पडले, रंगामुळे नव्हे, हे मला ठाऊक आहे. तुम्ही लिहायच्या आत मीच लिहून टाकतो.)

“पैसे नाहीत म्हणून केलेली तडजोड तत्त्व म्हणून विकू नका.” लोकांकडून पैसे जमवून देणाऱ्या किकस्टार्टर या वेबसाइटने 2019 च्या फेब्रुवारीत झिनक्वेस्ट, म्हणजे अशा खेळांच्या छोट्या हौशी अंकांची मोहीम, सुरू केलं, तेव्हा पहिल्या वर्षी ए5 किंवा अर्ध्या अमेरिकन लेटरचा आकार आणि एकाच रंगाची छपाई हेच नियम होते. त्यांच्याकडेही पैसे नव्हते का? आमच्याकडे नव्हते, ते वेगळं.

ए5 वर दोन कॉलम बसत नाहीत म्हणता. मग एक करा. लेखात एकच म्हटलं होतं, वाचलं असतंत तर दिसलं असतं.

आणि “हल्ली सगळे टॅबवरच वाचतात”. सगळे टॅबवर वाचतात तर कागदाच्या आकारावरून तुम्ही एवढे का चिडलात, तेही रात्री पावणेदोनला?

राहिले नकाशे. त्यावर तुमचे चार परिच्छेद आहेत: ए5 च्या पानावर खेळातल्या दहा फुटांचा चौकोन केवढासा उरतो, खोल्यांचे आकडे कसे वाचायचे, जोडपानावर नकाशा टाकला तर नेमका कॉरिडॉर पिनेखाली जातो, वगैरे. तो विषय मोठा आहे, कधीतरी स्वतंत्र लिहीन. शनिवारी आमच्या टेबलावर असतो तो नकाशा मी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून ए3 करून आणतो, हे खरं. पण ते माझ्या चष्म्याच्या नंबरामुळे.