पंचनाम्यावर विश्वास नाही, फाशीवर आहे

फाशीची शिक्षा कायद्यातून काढून टाकावी, या मताचा मी आहे. शिव्या द्यायच्याच असतील तर खालपर्यंत वाचून द्या, एवढीच विनंती.

मी वकील नाही. साताऱ्यात कोर्टाजवळ माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. चार्जशीटच्या नकला माझ्याकडे निघतात. आरोपीचा भाऊ एका कोपऱ्यात उभा असतो, मयताचा भाऊ दुसऱ्या, आणि दोघांचे कागद एकाच मशीनमधून जातात. दुसऱ्याचे कागद वाचू नयेत हे कळतं, पण पानं क्रमाने लागली का बघताना डोळा जातोच. "आरोपीने स्वखुशीने निवेदन केले की, हत्यार लपवून ठेवलेली जागा दाखवतो, माझ्यासोबत चला." पाटणच्या केसमध्ये हेच वाक्य, फलटणच्या केसमध्येही हेच. सगळे आरोपी इतके स्वखुशीचे कसे, हे मला अजून उमगलेलं नाही.

आपल्या बांधाचा पंचनामा झाला की आपण म्हणतो, पैसे खाऊन लिहिलाय. भावकीतल्या कुणी केस घातली की म्हणतो, पोलिसांचं काय, कुणालाही उचलतील. आणि टीव्हीवर तोंडाला बुरखा घातलेला माणूस गाडीतून उतरवताना दिसला, की त्याच खात्याचा शब्द आपल्याला ब्रह्मवाक्य वाटतो. "टांगा त्याला पवई नाक्यावर!" तेव्हा चार्जशीटसुद्धा दाखल झालेलं नसतं.

सांगलीकरांना तर हे मी सांगायला नको. नोव्हेंबर २०१७. लूटमारीच्या गुन्ह्यात पकडलेला तरुण शहर पोलीस ठाण्याच्या कोठडीत मेला. आरोपी पळून गेला असं आधी सांगण्यात आलं, आणि मृतदेह आंबोलीत नेऊन जाळल्याचं नंतर उघड झालं. पोलिसांवरच खुनाचा गुन्हा दाखल झाला, लोक रस्त्यावर उतरले. मी त्या वेळी एवढाच विचार करत होतो की हा पोरगा मेला नसता, तर त्याच्याही नावावर एक "स्वखुशीचं निवेदन" निघालं असतं आणि आपण ते खरं मानलं असतं.

लूटमारीच्या केसमध्ये चूक झाली तर माणूस काही वर्षांनी सुटून तरी येतो. फाशीच्या केसमध्ये काय होतं, यासाठी नाशिकचा एक खटला बघा. २००३ मध्ये एका कुटुंबावर अतिशय भयंकर हल्ला झाला, पाच खून आणि बलात्कार. पकडले गेले भटक्या समाजातले सहा मजूर. सेशन कोर्टाने सहाही जणांना फाशी दिली. हायकोर्टाने तिघांची फाशी कायम ठेवली, तिघांना जन्मठेप दिली. २००९ मध्ये सुप्रीम कोर्टाने पुन्हा सहाही जणांना फाशी. आणि मार्च २०१९ मध्ये त्याच सुप्रीम कोर्टाने सहाही जणांना निर्दोष सोडलं! घटनेतून वाचलेल्या साक्षीदार बाईंनी पोलिसांकडच्या फोटोंतून भलतीच चार माणसं ओळखली होती, आणि त्या चौघांचा पुढे तपासच झाला नाही, हे कागदोपत्री होतं. सहांपैकी एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. सोळा वर्षं आत, आणि शेवटी प्रत्येकी पाच लाख भरपाई. ते जिवंत होते म्हणून ती घ्यायला तरी उरले. आणि ज्या कुटुंबावर हल्ला झाला, त्यांचे खरे गुन्हेगार कुठे आहेत? हा प्रश्न फाशीवाले कधी विचारत नाहीत.

"दुर्मिळातल्या दुर्मिळ" गुन्ह्यालाच फाशी, असं सुप्रीम कोर्टाने १९८० साली बच्चन सिंग खटल्यात ठरवून दिलं. दुर्मिळ कशाला म्हणायचं हे मात्र न्यायाधीश बदलला की बदलतं, वरचाच खटला बघा. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने २०१६ मध्ये फाशीच्या कैद्यांचा मोठा अभ्यास केला. त्यात जवळजवळ तीन चतुर्थांश कैदी आर्थिकदृष्ट्या कमकुवत घरांतले निघाले. मला आश्चर्य वाटलं नाही. नकलांचे पैसे सुटे मोजून देणारे नातेवाईक कोणत्या बाजूचे असतात, ते रोज दिसतं.

आपल्या माहुलीच्या रामशास्त्र्यांचा आपल्याला केवढा अभिमान! नारायणरावाच्या खुनाबद्दल राघोबाला तोंडावर "देहान्त प्रायश्चित्त" सांगणारा माणूस. अभिमान मलाही आहे. पण राघोबा त्यानंतर दहा वर्षं जगला, हेही जरा आठवा. आणि याच साताऱ्यात, गेंडामाळावर, १८५७ च्या सप्टेंबरात इंग्रजांनी १७ जणांना मारलं, कुणाला फाशी, कुणाला तोफेच्या तोंडी, कुणाला गोळ्या. तेही रीतसर खटला चालवूनच.

आता मयताच्या घरच्यांचं. इथे मी जपून बोलतो, कारण ते माझ्या काउंटरसमोर उभे असतात. कोपर्डीतल्या मुलीवरच्या बलात्कार आणि खुनानंतर २०१६ मध्ये साताऱ्यात आणि सांगलीत निघालेले मूक मोर्चे आठवतात ना? त्यातला राग खोटा नव्हता. २०१७ मध्ये नगरच्या कोर्टाने तिघांना फाशी दिली, आपण पेढे वाटले आणि घरी गेलो. पण सेशन कोर्टाची फाशी हायकोर्टाने कायम केल्याशिवाय अमलात येतच नाही. मग सुप्रीम कोर्ट, मग पुनर्विचार, मग दयेचा अर्ज. शेजारच्या कोल्हापूरचं बालहत्याकांड घ्या. १९९६ ला अटक, २००१ ला फाशी, २००६ ला सुप्रीम कोर्टाचं शिक्कामोर्तब, २०१४ ला दयेचा अर्ज फेटाळला. आणि जानेवारी २०२२ मध्ये सरकारनेच उशीर केला म्हणून हायकोर्टाने त्या फाशीची जन्मठेप केली. पंचवीस वर्षं त्या आईबापांना तारखेची वाट बघायला लावली. पहिल्याच दिवशी "मरेपर्यंत तुरुंग, सूट नाही" असं सांगितलं असतं तर ती माणसं निदान आपल्या दुःखाकडे वळली असती.

आणि हो, जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं, हे डोक्यातून काढा. जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत. अशा गुन्ह्यात किमान चौदा वर्षं झाल्याशिवाय सरकार सूट देऊन सोडू शकत नाही, एवढाच त्या चौदाचा अर्थ. शिवाय सूट न देता आयुष्यभर आत ठेवायची शिक्षा सुप्रीम कोर्टाने २००८ पासून दिलेली आहे आणि २०१५ मध्ये घटनापीठाने ती योग्य ठरवली आहे. नवीन काही शोधायचं नाही.

शेवटी साताऱ्यात हमखास येणारा प्रश्न: मग कसाबचं काय? जावळीतल्या केडंब्याच्या तुकाराम ओंबळेंनी गोळ्या अंगावर घेऊन त्याला जिवंत पकडलं, त्याला पोसत बसायचं होतं का? कसाबला २०१२ मध्ये येरवड्यात फाशी झाली, त्याचं मला अजिबात दुःख नाही. ओंबळेंमुळेच तो जिवंत कोर्टात उभा राहिला आणि कटाची साखळी जगापुढे आली, हेही खरं. विधी आयोगाने २०१५ च्या अहवालात फाशी रद्द करा म्हणताना दहशतवादाचा अपवाद ठेवला, तो अशाच केसेससाठी. बरीच वर्षं मलाही तो पटत होता.

पण २००६ च्या मुंबई लोकल बॉम्बस्फोटांचा खटला बघा. २०१५ मध्ये विशेष कोर्टाने पाच जणांना फाशी, सात जणांना जन्मठेप दिली. जुलै २०२५ मध्ये हायकोर्टाने बाराही जणांना निर्दोष ठरवलं, कबुलीजबाब विश्वासार्ह नाहीत म्हणून. सरकार सुप्रीम कोर्टात गेलंय, तिथे काय व्हायचं ते होईल. पण त्या पाचांतला एक जण निकालाच्या आधीच, २०२१ मध्ये, नागपूरच्या तुरुंगात कोरोनाने मेला. कसाबच्या केसमध्ये फोटो होते, शेकडो साक्षीदार होते. अपवाद मात्र आपण कायद्यात लिहिणार, आणि तो वापरला जाणार स्वखुशीच्या निवेदनांवर. म्हणून तो अपवादही मला नको आहे.