पीसीओएसच्या ‘सात गोळ्या’ आणि माझ्या भाचीचा थायरॉईड रिपोर्ट

तो मेसेज तुमच्याकडेही आला असेल. आमच्या ऐरोलीतल्या सोसायटीच्या महिलांच्या ग्रुपवर तो दोनदा आला आणि दोन्ही वेळा मी न बोलता पुढे गेले. तेव्हाच उत्तर द्यायला हवं होतं. कारण तोच मेसेज ठाण्यात वर्तकनगरला माझ्या ताईकडे पोचला आणि ताईकडून तिच्या एकोणीस वर्षांच्या लेकीकडे.

ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी मजकूर थोडक्यात असा: पीसीओएस (अंडाशय आणि हार्मोनचं चक्र बिघडून पाळी लांबणं, पुरुषी हार्मोन वाढणं) हा आजार नाहीच, ती व्हिटॅमिनची कमतरता आहे. डॉक्टरांनी दिलेल्या हार्मोनच्या गोळ्या आणि मेटफॉर्मिन (साखर आटोक्यात ठेवणारी गोळी) बंद करा. रोज व्हिटॅमिन डी ६०,०००, बायोटिन १०,०००, व्हिटॅमिन ए २५,०००, ‘४०:१’चं इनोसिटॉल, झिंक, क्रोमियम आणि ओमेगा-३ घ्या. ९० दिवसांत गाठी विरघळतात. सगळं नैसर्गिक, साइड इफेक्ट शून्य.

मी डॉक्टर नाही. सतरा वर्षं नवी मुंबईत पॅथॉलॉजी लॅबमध्ये मशिनवर काम करते आहे. त्यामुळे सुरुवात मला पुरतं ठाऊक असलेल्या गोष्टीपासून करते. ती म्हणजे बायोटिन.

ताईचा फोन आला रात्री साडेदहाला. भाचीचा थायरॉईडचा रिपोर्ट बिघडलेला: टीएसएच जवळजवळ शून्याला टेकलेलं, फ्री टी४ वर गेलेलं. म्हणजे कागदावर थायरॉईड जोरात धावतंय. पण पोरगी माझ्यासमोर व्हिडिओ कॉलवर शांत बसलेली. वजन उतरलेलं नाही, छातीत धडधड नाही, हाताला कंप नाही, झोप व्यवस्थित. रिपोर्ट एक सांगतोय आणि शरीर दुसरंच. मी विचारलं, “केसांसाठी काही घेतेस का गं?” तिने बाटली कॅमेऱ्यापुढे धरली. बायोटिन, १०,००० मायक्रोग्रॅम, रोज एक, दोन महिन्यांपासून.

माणसाला दिवसाला साधारण ३० मायक्रोग्रॅम बायोटिन पुरतं. ही मुलगी त्याच्या तीनशे पटींहून जास्त घेत होती. शरीर ते लघवीवाटे टाकून देतं हे खरं, पण तोवर ते रक्तात फिरत असतं आणि त्याच रक्ताचा नमुना आमच्या हातात येतो. हार्मोन मोजणाऱ्या बऱ्याच किटमध्ये बायोटिन आणि स्ट्रेप्टॅव्हिडिन या दोन पदार्थांची घट्ट जोडी वापरलेली असते. रक्तातलं जादा बायोटिन किटमधल्या स्ट्रेप्टॅव्हिडिनच्या जागा आधीच अडवून बसतं आणि मोजणी चुकते. टीएसएचच्या चाचणीत आकडा खोटा कमी येतो. फ्री टी४ची पद्धत उलटी असल्याने तिथे खोटा जास्त येतो. टेस्टोस्टेरॉनच्या काही किटमध्येही तो खोटा वाढतो. सगळ्या कंपन्यांच्या मशिनवर हे होत नाही, पण आपला नमुना कुठल्या मशिनवर चालणार हे पेशंटला कुठे माहीत असतं?

आता हे पीसीओएसच्या मुलीला लावून बघा. पाळी लांबली की डॉक्टर आधी थायरॉईड तपासायला सांगतात, कारण त्यानेही पाळी बिघडते. पुरुषी हार्मोन वाढलेत का, हेही रक्तातच बघतात. ज्या आकड्यांवर निदान उभं असतं, नेमके तेच आकडे ही ‘केसांची गोळी’ बिघडवते. अमेरिकेच्या औषध नियामकाने, एफडीएने, २०१७ साली याबद्दल जाहीर इशारा दिला होता. जास्त बायोटिन घेणाऱ्या एका पेशंटची हार्ट अटॅक ओळखणारी ट्रोपोनिन चाचणी खोटी कमी आली आणि तो पेशंट दगावला, असं त्यात नोंदवलं होतं. तेव्हा गोळी चालू असेल तर रक्त देण्याआधी लॅबमध्ये आणि डॉक्टरांना सांगा. थायरॉईडच्या चाचणीआधी निदान दोन दिवस ती बंद ठेवायची असते, डोस मोठा असेल तर आणखी आधीपासून. भाचीचं बायोटिन बंद करून डॉक्टरांच्या सांगण्यावरून आठ दिवसांनी पुन्हा रक्त दिलं. टीएसएच २.१, म्हणजे अगदी नॉर्मल. मधल्या आठ दिवसांत ताईने पोरीला थायरॉईडची पेशंट ठरवून कोबी-फ्लॉवर बंद केले होते.

दुसरी गोष्ट याहून वाईट. ‘डॉक्टरांच्या गोळ्या बंद करा.’ हे लिहिणाऱ्याचा मला मनापासून राग आहे. पीसीओएसमध्ये अंड वेळेवर बाहेर पडत नाही, त्यामुळे प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही आणि गर्भाशयाचं अस्तर न झडता जाड होत राहतं. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाच्या पुढाकाराने २०२३ साली पीसीओएसची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध झाली. उपचार न घेता पाळी दीर्घकाळ न येणं हे अस्तर धोकादायकरीत्या वाढण्याची जोखीम वाढवणारं कारण आहे, असं त्यांत म्हटलंय. अशा बायकांमध्ये गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सरही इतरांपेक्षा जास्त आढळतो. एकूण प्रमाण कमीच आहे, उगाच घाबरवायचं नाही मला. पण मेसेज गोळ्या थांबवून ९० दिवस वाट बघायला सांगतो आणि डॉक्टर ज्या मुदतीनंतर सावध होतात तीही ९० दिवसांचीच. भाचीने तीन महिने गोळी घेतली नाही आणि तीन महिने तिची पाळी आली नाही. ताईला वाटलं, अंगातून ‘टॉक्सिन’ निघत असतील.

गोळ्या बंद करायचं कारण म्हणून मेसेजमध्ये लिहिलंय, ‘मेटफॉर्मिन बी१२ खाऊन टाकतं.’ यात अर्धं खरं आहे आणि ते मी मान्य करते. मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर बी१२ खरंच उतरू शकतं. ब्रिटनच्या औषध नियामकाने जून २०२२ मध्ये डॉक्टरांना याची आठवण करून दिली. त्यात ज्यांना अशी कमतरता होण्याचा धोका आहे अशांचं बी१२ अधूनमधून तपासायला सांगितलं. आपल्याकडे शाकाहारी घरांत ते मुळातच कमी असतं आणि ताईचं घर पूर्ण शाकाहारी. हातापायांना मुंग्या, जीभ लाल होऊन सोलवटणं, सतत थकवा अशी लक्षणं असतील तर तपासायलाच हवं. पण कमी निघालं तर बी१२ घ्यायचं असतं, मेटफॉर्मिन सोडायचं नसतं.

डी व्हिटॅमिनचं तसंच. आपल्या लोकांत ते कमी असतं, लॅबमध्ये मी रोज बघते. पण ६०,००० युनिटची पुडी डॉक्टर आठवड्यातून एकदा देतात, तीही ठरावीक आठवडे. मेसेजमध्ये ‘रोज’ लिहिलंय. आयसीएमआरने दिवसाची गरज ६०० युनिट सांगितली आहे आणि देखरेखीशिवाय घ्यायची वरची मर्यादा साधारण ४,००० धरतात. रोज ६०,००० म्हणजे त्या मर्यादेच्या पंधरा पट. हे व्हिटॅमिन चरबीत साठतं. रक्तातलं कॅल्शियम वाढतं, उलट्या, बद्धकोष्ठता, सारखी तहान सुरू होते आणि किडनीला इजा होऊ शकते. भाचीने नशिबाने पुडीवरचं वाचून आठवड्यालाच एक घेतली.

‘ए २५,०००’ पिंपल्ससाठी म्हणे. आमच्या ग्रुपवर मूल व्हावं म्हणून उपचार घेणाऱ्या दोघी आहेत, त्यांनी हे नीट वाचावं. गोळीतून मिळणारं तयार व्हिटॅमिन ए गरोदरपणात दिवसाला १०,००० युनिटच्या वर गेलं तर बाळात व्यंग येऊ शकतं. पाळीच अनियमित असल्यावर दिवस गेल्याचं कळायलाही उशीर होतो. आणि बाळ हवं असणाऱ्या प्रत्येकीला आधीपासून लागणारं रोजचं ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड या सातांच्या यादीत नाहीच!

इनोसिटॉलबद्दल मी भांडणार नाही. त्याच २०२३च्या तत्त्वांनुसार ज्यांना घ्यायचं असेल त्यांनी घ्यावं: अपाय फारसा नाही, साखरेच्या बाजूने थोडा फायदा होऊ शकतो, पण अंड बाहेर पडणं, अंगावरचे केस, वजन यांत फरक मर्यादित. अमुकच प्रकार किंवा अमुकच डोस घ्या, असं त्यांनी सांगितलेलं नाही. ‘४०:१’ म्हणजे मायो आणि डी-कायरो या इनोसिटॉलच्या दोन प्रकारांचं प्रमाण; तोच एक खरा आकडा, हे विकणाऱ्याचं म्हणणं आहे. झिंक, क्रोमियम, ओमेगा-३ने पीसीओएस बरा होत नाही, एवढं पुरे.

आणि विरघळणाऱ्या ‘गाठी’? सोनोग्राफीत दिसतात त्या गाठी नसतात. अर्ध्यावर वाढ थांबलेल्या, अंड असलेल्या बारीक पिशव्या असतात. त्यात विरघळण्यासारखं काही नाही.

‘नैसर्गिक’वाल्यांनी बाटली उलटी करून वाचावी. आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे अशा सप्लिमेंटवर ‘औषधी वापरासाठी नाही’ असं छापावंच लागतं. भाचीच्या चार बाटल्यांवर ते होतं, बारीक अक्षरात. चार बाटल्यांचे चार हजार दोनशे रुपये.

गेल्या शनिवारी मी ट्रान्स हार्बर लोकलने ठाण्याला गेले. ताईने चारही बाटल्या आणि भाचीची जुनी फाईल पिशवीत घेतली आणि आम्ही तिघी डॉक्टरांकडे जाऊन बसलो. बी१२ १६० आलं होतं, डी ११, दोन्ही कमी. डॉक्टरांनी बी१२ची रोजची गोळी लिहिली, डीची पुडी आठवड्याला एक, मेटफॉर्मिन आणि पाळीच्या गोळ्या पुन्हा सुरू. बाकी सगळं बंद. घरी आल्यावर भाचीने कालनिर्णयवर आठ रविवारांना पेनने गोल केले, पुडीसाठी. नवव्या रविवारखाली लिहिलं: रक्त तपासायचं, मावशीला सांगून.