फोंड्यातला पावसाळा आणि ॲम्प

एका लेखात वाचलं, चांगला इंटिग्रेटेड ॲम्प (स्पीकर वाजवणारा, सगळं एकाच डब्यात असलेला ॲम्प्लिफायर) एकदा घेतला की वीस वर्षं बघायला नको. असेल बाबा! आमच्या फोंड्यात मध्ये जुलै येतो. माझा क्लास ए आहे, म्हणजे चालू असेपर्यंत सतत तापणारा प्रकार, चॅनलला २५ वॅट. दुसऱ्याच पावसाळ्यात डावा स्पीकर मधूनच गप्प व्हायला लागला. आवाज थोडा वाढवला की खट्कन परत यायचा. महिनाभर केबली बदलत बसलो. शेवटी मेकॅनिकने उघडून दाखवलं, स्पीकर रिलेचे, म्हणजे स्पीकर जोडणाऱ्या आतल्या स्विचचे, कॉन्टॅक्ट दमटपणाने काळे पडलेले. रिले काही शंभरांचा, हेलपाटे मात्र तीन.

आता पावसात रोज तासभर तरी लावतोच, आतली ओल सुकते. गाणं वाजो न वाजो, क्लास ए वीज खातोच, तेवढं बिल सोसायचं. उबेला मांजर थेट जाळीवर येऊन झोपतं, त्याला उठवणं हे वेगळंच काम.

आणि २५ वॅट कमी म्हणणाऱ्यांना: दुप्पट वॅट म्हणजे फक्त ३ डेसिबल जास्त. गायिका केसरबाई केरकरांची जुनी ७८ आरपीएमच्या तबकड्यांची रेकॉर्डिंगं ऐकतो, खरखरीसकट. तिथे तान कशी सुटी सुटी ऐकू येते, ते घरी येऊन ऐका.