‘उद्यापासून बंद’ या बातम्यांनी माझ्या आईचे काय केले

गेल्या महिन्यात माझ्या 76 वर्षांच्या आईचे निवृत्तिवेतनाचे खाते बँकेने गोठवले. औषधांच्या दुकानात रक्तदाबाच्या गोळ्यांचे 740 रुपये देताना व्यवहार तीनदा फसला, मागे चार माणसे ताटकळत उभी होती, आणि जन्मात कोणाची उधारी न ठेवलेल्या माझ्या आईच्या हातात दुकानदाराने “राहू द्या बाई, नंतर द्या” असे म्हणत गोळ्यांची पिशवी ठेवली. जिल्हा परिषदेच्या शाळेत 31 वर्षे शिकवलेल्या बाईंना त्या दिवशी किती ओशाळल्यासारखे झाले, हे तिने मला फोनवर सांगितले नाही; ते तिच्या आवाजावरून कळले. दुसऱ्या दिवशी मी पुण्याहून गेले आणि तिला घेऊन वाईला बँकेत पोहोचले, तेव्हा उलगडा झाला की केवायसी, म्हणजे खातेदाराची ओळख आणि पत्ता यांची पडताळणी, नव्याने करण्याची मुदत उलटून गेली होती, बँकेने त्याबद्दल तीन संदेश आणि घरच्या पत्त्यावर एक पत्रसुद्धा पाठवले होते, आणि आईने ते सगळे वाचून बाजूला ठेवून दिले होते.

“तूच म्हणाली होतीस ना, असले काही आले की लक्ष देऊ नकोस म्हणून?”

खरे आहे, मीच म्हणाले होते. ते मला का म्हणावे लागले, हे आज लिहिल्याशिवाय मला झोप लागणार नाही. बँकेवर माझा राग नाही, तिने तिचे काम केले होते. माझा संताप आहे तो तंत्रज्ञानाच्या नावाखाली आमच्या मोबाइलवर सकाळ-संध्याकाळ आदळणाऱ्या बातम्यांवर, ज्यांच्या शीर्षकात काहीतरी कायम उद्यापासून बंद होत असते, आणि कोणाचे, कुठे, कशामुळे हे मात्र तळाच्या परिच्छेदात पुरून ठेवलेले असते.

आईकडे एक 200 पानी वही आहे. त्यात तिने हजेरीपटासारखे चार रकाने आखले आहेत: तारीख, काय बंद होणार, काय करायचे, झाले का. अक्षर अजूनही फळ्यावर लिहिल्यासारखे, शिरोरेषा सरळ. मोबाइलवर बातमी आली की ती तिची नोंद या वहीत करते, मग कोणाला तरी विचारते, नाहीतर एसटी पकडून वाईला जाते, आणि काम झाले की चौथ्या रकान्यात बरोबरची खूण करते. त्या दिवशी बँकेतून आल्यावर मी ती वही घेऊन बसले. 2023पासूनच्या 43 नोंदी होत्या. त्यांतल्या आईशी खरोखर संबंध असलेल्या नोंदी मला दोन सापडल्या. उरलेल्या 41 वेळा माझी आई विनाकारण घाबरली होती.

त्या वहीत आधारची ‘शेवटची तारीख’ सात वेळा आहे. आधारची कागदपत्रे ऑनलाइन अद्ययावत करणे मार्च 2023मध्ये मोफत झाले, आणि ती सवलत आधी 14 जून 2023पर्यंत होती. मग ती सप्टेंबरपर्यंत वाढली, मग डिसेंबरपर्यंत, मग मार्च 2024, मग जून, पुन्हा सप्टेंबर, पुन्हा डिसेंबर, मग जून 2025, आणि त्यानंतर जून 2026. प्रत्येक तारखेच्या आदल्या आठवड्यात ‘शेवटची संधी’, ‘आत्ताच करा हे काम, नाहीतर आधार होईल रद्द’ अशी शीर्षके आली. मुळात तारीख उलटल्यावर कोणाचे आधार रद्द होणार नव्हते. जे फुकट होते त्याला शुल्क लागणार होते, इतकाच तो मामला होता. जूनच्या उकाड्यात माझी आई आधार केंद्रावर दोन तास उभी राहिली, तिथल्या मुलाने “आजी, तुमचे सगळे बरोबर आहे” असे सांगून तिला परत पाठवले, आणि सप्टेंबरात ती पुन्हा गेली, कारण पुन्हा बातमी आली होती.

जून 2024मधली एक नोंद वाचून तर मला रडूच आले. ‘गुगल पे बंद. पैसे काढून घेणे.’ 4 जून 2024 रोजी गुगलने आपले जुने गुगल पे ॲप अमेरिकेत बंद केले, कारण तिथे त्याची जागा गुगल वॉलेटने घेतली होती. भारतातल्या गुगल पेचा त्याच्याशी काडीचाही संबंध नव्हता आणि कंपनीने तसे सांगितलेही होते. पण मराठी शीर्षकांतून ‘अमेरिकेत’ हा एक शब्द तेवढा गळाला. तो चुकून गळाला, हे मी मानायला तयार नाही, कारण तो शब्द घातला असता तर वाई तालुक्यातल्या एकाही माणसाने ती बातमी उघडली नसती. आईने ती उघडली आणि गुगल पेमध्ये आपले पैसे ‘ठेवलेले’ असतात अशी भीती घेऊन ती बँकेत गेली. यूपीआयच्या ॲपमध्ये सहसा पैसे नसतात, ते खात्यातच असतात आणि ॲप फक्त खात्याला निरोप देते, ही साधी गोष्ट समजावणारी बातमी मात्र तिच्या फोनवर मला एकदाही दिसली नाही.

फेब्रुवारी 2025ची गोष्ट घ्या. यूपीआयची यंत्रणा सांभाळणाऱ्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने ॲप चालवणाऱ्या कंपन्यांना कळवले होते की 1 फेब्रुवारीपासून व्यवहाराच्या क्रमांकात फक्त अक्षरे आणि आकडे असावेत, विशेष चिन्हे नसावीत. हा क्रमांक व्यवहार होताना ॲप आपला आपण तयार करते. तो ग्राहक लिहीत नाही, बदलू शकत नाही, आणि त्याच्याकडे बहुधा पाहतही नाही. याची बातमी अशी झाली की ज्यांच्या यूपीआय आयडीत विशेष चिन्ह आहे त्यांचे यूपीआय बंद होणार. यूपीआयच्या प्रत्येक आयडीत ‘@’ हे चिन्ह असते! ज्याने हे शीर्षक लिहिले त्याने स्वतःच्या फोनमधला स्वतःचा आयडी एकदा पाहिला असता, तरी आपण काय लिहीत आहोत हे त्याला तत्क्षणी कळले असते. तेवढे कष्टसुद्धा घेतले गेले नाहीत. आईने मात्र आपला आयडी वहीत उतरवून घेतला, त्यातल्या ‘@’भोवती लाल पेनने गोल केला आणि मला विचारले, “हे चिन्ह काढायचे कसे?” ज्या बाईने तीन पिढ्यांना विरामचिन्हे शिकवली, तिला एका चिन्हापायी रात्रभर झोप लागली नाही.

एप्रिल 2025मध्ये 2,000 रुपयांवरच्या यूपीआय व्यवहारांवर जीएसटी लागणार अशी आवई उठली, आणि अर्थ मंत्रालयाला 18 एप्रिलला ती खोटी असल्याचा खुलासा करावा लागला. जूनमध्ये यूपीआयवर शुल्क बसणार असे पसरले, त्याचाही खुलासा झाला. ज्यांनी आवई छापली त्यांनीच खुलासाही छापला, आणि दोन्ही वेळा जाहिराती दाखवून पैसे कमावले.

हे केवळ म्हाताऱ्या माणसांचे होते असेही नाही. पुण्यात माझ्या भाजीवालीने जुलै 2025मध्ये क्यूआर कोडची पाटी काढून गोणीखाली ठेवली. त्या महिन्यात कर्नाटकात, विशेषतः बेंगळुरूत, वाणिज्य कर विभागाने यूपीआयच्या उलाढालीवरून छोट्या विक्रेत्यांना नोटिसा पाठवल्या होत्या, आणि तिथल्या अनेक दुकानांवर ‘फक्त रोख’ अशा पाट्या लागल्या होत्या. ती बातमी खरी होती आणि महत्त्वाचीही होती. पण आमच्या भाजीवालीपर्यंत ती ‘यूपीआय घेणाऱ्या भाजीवाल्यांना लाखोंची नोटीस’ एवढ्याच रूपात आली. त्यात राज्याचे नाव नव्हते. मालाच्या विक्रीसाठी 40 लाखांच्या वार्षिक उलाढालीपर्यंत सर्वसाधारणपणे जीएसटीची नोंदणीच लागत नाही, हे नव्हते. ताज्या भाजीवर जीएसटी मुळातच नाही, हेही नव्हते. तिने दीड महिना रोख पैसे मागितले, सुट्ट्यांसाठी रोज भांडणे झाली, आणि कॉलेजची मुले शेजारच्या गाड्यावर जाऊ लागली. तिच्या बुडालेल्या धंद्याची भरपाई कोण देणार आहे?

माझ्या मामांचेही तेच. जून 2025मध्ये 1,600 कोटी पासवर्ड फुटल्याची बातमी आली. वेगवेगळ्या वेळी, बहुतांशी लोकांच्या संगणकांत शिरलेल्या चोरट्या प्रोग्रॅमांनी गोळा केलेल्या याद्यांची ती एकत्र बांधलेली मोट होती. गुगल किंवा ॲपलच्या तिजोरीवर नव्याने दरोडा पडलेला नव्हता. मामांनी घाबरून एका बैठकीत सगळे पासवर्ड बदलले, ते एका कागदावर लिहिले, तो कागद हरवला, आणि त्यांचा 15 वर्षांचा ईमेल आजतागायत उघडलेला नाही.

असे करणाऱ्यांना कधीच काही भोगावे लागत नाही. नोव्हेंबर 2016मध्ये नव्या 2,000च्या नोटेत जमिनीखालूनही ठावठिकाणा सांगणारी चिप आहे, असे देशातल्या वृत्तवाहिन्यांनी गंभीर चेहऱ्याने दाखवले होते. तशी चिप कुठेच नव्हती. मे 2023मध्ये ती नोट चलनातून मागे घेण्याचे रिझर्व्ह बँकेने जाहीर केले. पण चिपची ती गोष्ट सांगणारे पडदे अजून चालूच आहेत.

मला सर्वांत जास्त चीड येते ती पुढच्या गोष्टीची. या शीर्षकांनी आपल्या लोकांना एक भाषा शिकवली आहे: आज रात्री बंद, शेवटची संधी, ताबडतोब करा. आणि नेमकी हीच भाषा पैसे लुबाडणारे वापरतात. आमच्या शेजारच्या काकांना फोन आला, “तुमचे खाते आज रात्री बंद होणार आहे, केवायसी करून घ्या”, आणि त्यांनी समोरच्याने सांगितलेले ॲप उतरवून घेऊन 62,000 रुपये घालवले. 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करेपर्यंत दोन तास निघून गेले होते. “अहो काका, तुम्ही विश्वास कसा ठेवलात?” असे मी विचारले, तेव्हा ते म्हणाले, “सकाळीच बातमीत वाचले होते गं.” ठकाने फोन करण्याआधीच बातमीने त्यांना घाबरवून ठेवले होते. रिझर्व्ह बँक आणि पोलीस सांगून सांगून थकले की घाई करणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, आणि बातम्या देणारेच रोज घाई करतात. मग माणसाने ठक ओळखायचा कशावरून?

म्हणून मी आईला म्हणाले होते की असले काही आले की लक्ष देऊ नकोस. त्याखेरीज दुसरे काय सांगणार होते? केवायसी ठरावीक वर्षांनी पुन्हा करावीच लागते, बहुतेक साध्या खात्यांना दहा वर्षांनी, आणि ते न केल्यास खाते अडकू शकते, ही तिच्या खऱ्या कामाची बातमी 41 खोट्या भीतींच्या ढिगाऱ्याखाली दबली. बँकेचे पत्र आले तेव्हा तिने ते वहीत उतरवलेसुद्धा नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिने माझे ऐकले, आणि नेमके तेव्हाच ऐकायला नको होते.

बातमीदारांकडून मला फार काही नको आहे. ही गोष्ट कोणत्या देशातली किंवा राज्यातली आहे, ती कोणाला लागू आहे, आणि काहीच केले नाही तर नेमके काय होईल, एवढे शीर्षकात किंवा पहिल्या दोन ओळींत लिहा. वर्गात निबंध तपासताना आई ज्या मुलाने हे लिहिले नसेल त्याला वही परत करत असे. वाचक मग बातमी उघडत नाहीत, असे उत्तर मला एका ओळखीच्या उपसंपादकाने दिले. नाही उघडली तर नाही उघडली! ज्याचा त्या बातमीशी संबंध नाही त्याने ती उघडू नये, हेच योग्य आहे. त्याला घाबरवून आत ओढायचे आणि त्याच्या भीतीवर जाहिरात विकायची, याला पत्रकारिता म्हणायची माझी तयारी नाही.

खाते चौथ्या दिवशी सुरू झाले. औषधवाल्याचे 740 रुपये आईने त्याच संध्याकाळी स्वतः चालत जाऊन रोख दिले. वहीत आता पाचवा रकाना आला आहे, ‘मुलीला विचारले का’, आणि रात्री नऊला ती दिवसभराच्या बातम्या मला पाठवते. एखादी खरी निघेल या धास्तीने मी प्रत्येक बातमी शेवटच्या परिच्छेदापर्यंत वाचते. काल पाच आल्या होत्या. पाचांतली एकही तिच्या कामाची नव्हती, आणि ते तिला पटवून द्यायला मला पाऊण तास लागला.