‘पाप नाही त्याला ताप नाही’ म्हणणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

हा मेसेज घरच्या ग्रुपवर आला आणि एरवी विचार करून बोलणाऱ्या माणसांनीही त्याला अंगठे दिले, म्हणून लिहिणं भाग पडलं. त्यातले दावे असे: कॅमेरे लावले की गुन्हे थांबतात, नजर असली की माणूस प्रामाणिक होतो, सतत लक्ष ठेवलं की काम वाढतं, आणि ज्याच्या मनात पाप नाही त्याला नजरेचा त्रास होतच नाही. शेवटी सल्ला: मुलांचे चॅट रोज वाचा.

पहिल्या दाव्यात थोडं तथ्य आहे, ते नाकारत नाही. गुन्हेगारीचे अभ्यासक एरिक पिझा आणि सहकाऱ्यांनी 2019 मध्ये कॅमेऱ्यांवरच्या 40 वर्षांतल्या अभ्यासांचा आढावा घेतला. कॅमेऱ्यांमुळे गुन्हे सरासरी 13 टक्क्यांनी घटले, सर्वांत जास्त पार्किंगच्या जागांमध्ये. हिंसक गुन्ह्यांवर मात्र ठळक परिणाम दिसला नाही. गाडीची काच फोडणारा आधी आजूबाजूला बघून घेतो; रागाच्या भरात हात उगारणारा वर कॅमेरा आहे का ते बघत बसत नाही. 13 टक्के घट म्हणजे ‘थांबतात’ नव्हे.

प्रामाणिकपणाच्या दाव्यासाठी मेसेजमध्ये दिलेला डोळ्यांच्या चित्राचा प्रयोग (न्यूकॅसल विद्यापीठ, ब्रिटन, 2006) खरा आहे. चहाचे पैसे ज्यात आपणहून टाकायचे त्या डब्याजवळ डोळ्यांचं चित्र लावलं त्या आठवड्यांत जवळपास तिप्पट पैसे जमले. पण तो विद्यापीठाच्या एका विभागातला, 10 आठवड्यांचा प्रयोग. त्यावरून अख्ख्या समाजाचा स्वभाव ठरवता येत नाही.

कामाचा दावा सरळ चूक आहे. नजर ठेवणारं सॉफ्टवेअर मोजतं काय? माऊस किती हलला, किती कळा दाबल्या, ठरावीक वेळाने स्क्रीनचा फोटो. कागदावर आकृती काढत विचार करणारा त्यात ‘निष्क्रिय’ ठरतो. मग लोक माऊस हलवणारं यंत्र आणतात, विनाकारण मेल पाठवतात, आणि अवघड, वेळखाऊ काम मागे पडतं. ईथन बर्नस्टीन या अमेरिकी संशोधकाने 2012 मध्ये चीनमधल्या एका मोबाईल कारखान्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथल्या कामगारांनी जोडणीच्या जलद युक्त्या शोधल्या होत्या, पण साहेब आले की ते पुस्तकी पद्धतीवर यायचे, कारण वेगळं काही दिसलं की खुलासे देत बसावं लागे. काही लाइनींभोवती पडदे लावल्यावर उत्पादन 10 ते 15 टक्क्यांनी वाढलं. नजर हटल्यावर वाढलं, हे नीट वाचा.

आता ‘पाप नाही त्याला ताप नाही’. सगळ्यांत जास्त नुकसान हे वाक्य करतं. अमेरिकी सरकारच्या इंटरनेट पाळतीची बातमी जून 2013 मध्ये फुटली. त्यानंतर दहशतवादाशी संबंधित 48 विकिपीडिया लेखांचं वाचन ठळकपणे घटल्याचं कायद्याचे अभ्यासक जोनाथन पेनी यांनी 2016 मध्ये दाखवलं. हे लेख वाचणं पूर्णपणे कायदेशीर होतं. तरीही लोक मागे सरले, कारण बघणारा कोण आणि तो काय अर्थ काढेल हे माहीत नसलं की माणूस नियमाच्या रेषेपासून चार हात लांब राहतो. आजाराची लक्षणं, घटस्फोटाचा कायदा, सरकारवरची टीका, सगळं शोधण्याआधी बोट थबकतं. आणि न केलेल्या शोधाची नोंद कुठेच होत नाही. म्हणून ‘मला तर काही फरक पडला नाही’ असं ज्याला त्याला वाटतं.

मुलांचं तेच. चॅट रोज वाचले जातात हे कळलं की मूल दुसरं खातं उघडतं किंवा मित्राच्या फोनवरून बोलतं. तुम्हाला दिसतं ते तुमच्यासाठी ठेवलेलं खातं. उद्या कोणी अनोळखी माणूस त्याला फोटोवरून धमकावू लागला, तर ती धमकी त्या दुसऱ्या खात्यावर येईल. आणि ती घरी सांगायची तर आधी ते खातं असल्याचं कबूल करावं लागेल.